सुट्टी संपली की लॅब्रॅडॉर पुन्हा रडायला लागतो, त्यावर काय करावं

दिवाळीची सुट्टी संपते. मुलं शाळेत जातात, मोठी माणसं कामाला लागतात आणि पहिल्याच दुपारी खालच्या मजल्यावरून फोन येतो, "वहिनी, तुमचा कुत्रा मघापासून नुसता रडतोय. काही दुखतंय का हो त्याला?" संध्याकाळी घरी यावं तर दाराची चौकट कुरतडलेली, फरशीवर लाळेचं थारोळं आणि चपलांच्या कपाटातली एक चप्पल दारासमोर. मग काही दिवस घरात ताण. कुणीतरी रजा टाकतं, आजींना मुक्कामाला बोलावलं जातं, हळूहळू निवळतं. आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर, गणपतीनंतर, उत्तरायणानंतर (म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीनंतर) पुन्हा तेच.

बडोद्यातल्या मराठी घरांतून लॅब्रॅडॉर आणि गोल्डन या दोन रिट्रीव्हर जाती आता बऱ्याच दिसतात, आणि ओळखीपाळखीतून मला सगळ्यात जास्त विचारणा होते ती याच तक्रारीची. हा त्रास परत परत येण्याचं कारण बहुतेक घरांत एकच असतं. दर वेळी कुणीतरी घरी थांबून वेळ निभावून नेतं, कुत्र्याला एकटं राहायला शिकवायचं राहूनच जातं. सुट्टीत घर भरलेलं असतं, त्याची चोवीस तास सोबतीची सवय पक्की होते, आणि सुट्टी संपली की ती सोबत एका सकाळीत काढून घेतली जाते. एकटं राहणं शिकवता येतं, आणि त्यासाठी त्याच्यावरची माया तसूभरही कमी करावी लागत नाही. हे दुसरं मी मुद्दाम सांगते, कारण "लाडावून ठेवलाय म्हणून असं करतो" हे ऐकून घरची माणसं कुत्र्याला जवळ घ्यायचंच थांबवतात आणि बिचारा आणखी बावरतो.

आधी डोळ्यांनी बघा

जुना मोबाइल असेल तर तो दाराकडे तोंड करून उंचावर ठेवा, रेकॉर्डिंग लावा आणि नेहमीसारखे बाहेर पडा. अर्धा तास पुरतो. घाबरलेल्या कुत्र्याचा पहिला अर्धा तासच सगळ्यात वाईट असतो, त्यामुळे जे कळायचं ते तेवढ्यात कळतं.

आमच्या चिकूचं रेकॉर्डिंग मला अजून लख्ख आठवतं. दार लागल्याबरोबर ती चौकटीपाशी गेली आणि खालच्या फटीला नाक लावून जोरजोरात हुंगत राहिली. एक जांभई दिली, लगेच दुसरी. ती झोपेची नव्हती, ताण आला की कुत्री अशाच जांभया देतात. शेपूट मागच्या पायांत गेलेलं. मग तिने कपाटातून माझी एक कोल्हापुरी दातांत हलकेच धरून आणली, दारासमोर ठेवली आणि तिच्यावर हनुवटी टेकून बसली. चपलेला दाताचा ओरखडासुद्धा नाही. लिफ्ट हलली की मान वर. लिफ्ट वरच्या मजल्यावर निघून गेली की घशातून बारीक आवाज, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी मान वर करून लांबलचक रडणं. तूप लावलेली अख्खी पोळी ताटलीत तशीच पडून होती.

त्या पोळीकडे नीट लक्ष द्या. लॅब्रॅडॉरची भूक सगळ्यांना माहीत आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरच्या जनुकात असा एक बदल असतो, ज्यामुळे पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. असा प्राणी समोरच्या तुपाच्या पोळीला शिवत नाही, म्हणजे तो हट्ट करत नाहीये, तो भेदरलाय. तुम्ही परत आल्यावर दोन मिनिटांत तीच पोळी गट्टम झाली, तर शंकेला जागाच उरत नाही.

गल्लत कुठे होते

नासधूस झाली की लगेच "एकटेपणा" म्हणून मोकळं होऊ नये. दोन-अडीच वर्षांच्या आतला रिट्रीव्हर कंटाळ्यापायी सोफा फाडतो, तुम्ही घरात असतानाही फाडतो, आणि व्हिडिओत तो मजेत दिसतो: शेपूट हलतंय, मध्येच पाणी पितोय, मध्येच पसरलाय. त्याला जास्त काम आणि चावायला चांगलं काहीतरी द्या, पुढचं सगळं वाचायची गरज नाही. काही कुत्र्यांना फक्त आवाजाची भीती असते. उत्तरायणाचे भोंगे, दिवाळीचे फटाके, शेजारच्या बांधकामातलं ड्रिलिंग. त्याचे उपाय निराळे.

आणि शरीराचं दुखणं. आपल्याकडे गोचिडांचा ताप फार, अंगात ताप असला की कुत्रा माणसाला चिकटून राहतो. लघवीच्या संसर्गाने घरात ओलं होतं आणि बोल मात्र स्वभावाला लागतो. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन दोघांनाही खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक त्रास असू शकतो. त्यातून वय झालेला कुत्रा, ज्याला ऐकू कमी येतं, रात्री दिशा कळत नाही, तो अचानक एकटं राहीनासा झाला तर आधी डॉक्टरांकडे जायचं. आठ-नऊ वर्षं शांत राहिलेलं जनावर उगाच बदलत नाही.

रिट्रीव्हरलाच हे इतकं का होतं

इतर जातींनाही होतं. पण रिट्रीव्हरची घडणच माणसाच्या सोबतीतली आहे. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या थंडगार पाण्यात कोळ्यांबरोबर काम करायचे, जाळी ओढायचे, गळावरून सुटलेले मासे पकडून आणायचे. ते इंग्लंडमध्ये गेले, शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणू लागले, आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. गोल्डनची सुरुवात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ मध्ये पिवळ्या रंगाचा एक रिट्रीव्हर आणि पाण्यात काम करणारी एक स्पॅनियल मादी यांच्या संकरातून केली. या दोन्ही जातींचं काम एकच होतं: माणसाशेजारी गप्प बसायचं, त्याच्याकडे बघत राहायचं, खूण झाली की धावायचं आणि सापडलेली वस्तू न चिरडता त्याच्या हातात आणून द्यायची. दीडशे वर्षं याच गुणासाठी निवडलेला प्राणी आपण दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आणतो आणि नऊ तास बंद दाराशी ठेवतो.

चिकू चप्पल आणते ती यामुळेच. त्या चपलेला माझा वास आहे आणि वस्तू तोंडात धरून माणसाची वाट बघणं तिच्या रक्तात आहे. लोक म्हणतात सूड उगवते. सूडाचं त्यात काही नाही.

या नात्याचा अभ्यासही झालाय. बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ५१ माणसं आणि त्यांचे कुत्रे घेऊन एक प्रयोग केला. लहान मूल आणि आई यांची जवळीक जोखायला जी पद्धत वापरतात, तीच. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, मालक बाहेर जातो, परत येतो. मालक जवळ असताना कुत्रे खोली धुंडाळत होते, खेळत होते. तो गेला की दाराशी जाऊन उभे राहत होते. जपानमधल्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आई-बाळाच्या जवळिकीत वाढतं तेच संप्रेरक. तेव्हा दाराशी जाऊन उभं राहणं हा आजार नव्हे, ती माया आहे. तिच्यात भीती मिसळते तेव्हा त्रास होतो, आणि आपल्याला तेवढी भीतीच काढायची आहे.

शिकवायचं कसं

सगळ्यात अवघड अट आधी सांगते. शिकवणं सुरू असेपर्यंत कुत्र्याला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. सकाळी तुम्ही दहा सेकंदांचा सराव केला आणि दुपारी चार तास सोडून गेलात, तर सकाळची मेहनत वाया गेली. म्हणून आधी माणसं जमवा. आजी-आजोबा, घरकामाला येणाऱ्या मावशी, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, ज्यांना कुत्र्याची हौस आहे पण घरी परवानगी नाही असं एखादं कुटुंब. नवरा-बायकोच्या कामाच्या वेळा पुढेमागे करता आल्या तर उत्तम. बडोद्यात अजून बऱ्याच घरांत नातेवाईक दोन गल्ल्यांवर असतात, त्यांना मोकळेपणाने विचारा. कुत्र्याला बहुधा फक्त कुणीतरी घरात असायला हवं असतं, ते माणूस तुम्हीच असायला हवं असं नाही. (काही कुत्र्यांना मात्र ठरावीक माणूसच लागतं. तसं असेल तर ते व्हिडिओत कळतं, आणि मग काम लांबतं.)

सुरुवात घराच्या आत होते. तुम्ही आंघोळीला गेलात की जो न्हाणीघराच्या दाराला अंग घासत बसतो, त्याला घराचं दार लावून एकटं ठेवायचा प्रश्नच येत नाही. हॉलमध्ये त्याची सतरंजी ठरवा. त्यावर तो पसरला की एखादा दाणा, एखादा शब्द, पाठीवर हात. तो सतरंजीवर असताना तुम्ही स्वयंपाकघरात जा, परत या. मधलं दार अर्धं लोटा, मग पूर्ण. तो उठून मागे आला तर रागवायचं नाही, अंतर कमी करायचं आणि पुन्हा करायचं. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात आणि पुढे जाऊन अडकतात.

मग निघण्याच्या खुणा. आपण नऊला घर सोडणार असलो तरी कुत्र्याचा ताण साडेआठला सुरू झालेला असतो: डबा भरल्याचा आवाज, कपाटाचं दार, देवाला नमस्कार, हेल्मेट, किल्ल्या. यातली कुठली खूण त्याला सगळ्यात जास्त लागते ते ओळखा आणि तिचा अर्थच काढून घ्या. किल्ल्या खिशात टाका आणि मटार सोलायला बसा. हेल्मेट घाला आणि पेपर वाचा. पर्स खांद्याला लावून कपड्यांच्या घड्या करा. दिवसातून पाच-सहा वेळा, अधूनमधून, कुठलाही गाजावाजा न करता. किल्ल्या खुळखुळल्या तरी तो मान वर करेनासा झाला, की दाराकडे वळायचं.

दाराचा सराव सेकंदांत होतो, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं कारण कुणालाच ते पटत नाही. दार उघडून बंद केलं, संपलं. बाहेर पाऊल टाकलं, लगेच आत. मग दार लोटून पाच सेकंद. मग दोन. मग बारा. मग चार. वेळ चढत्या क्रमाने वाढवत नेऊ नका. दर खेपेला आधीपेक्षा जास्तच वाट बघायला लागतेय हे कुत्र्याच्या लगेच ध्यानात येतं. मध्येच सोपं, मध्येच थोडं जास्त. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरेत. आतला मोबाइल आणि हातातला मोबाइल व्हिडिओ कॉलवर जोडून जिन्यात उभं राहून बघा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "ही बाई जिन्यात का उभी असते" अशी विचारणा होते.

परत कधी यायचं, तर रडण्याच्या बरंच आधी. ओठ चाटणं, जांभई, श्वास रोखून ऐकणं, एक पाय वर धरून उभं राहणं, दाराकडे दोन पावलं. यातलं काही दिसलं की आत जा. "रडताना आत गेलात तर त्याला रडायची सवय लागेल" असं तुम्हाला दहा जण सांगतील. भ्यालेलं जनावर हिशेब करत नसतं. रडायला लागला याचा अर्थ आपण पायरी मोठी घेतली. आत जायचं, त्याला निवांत होऊ द्यायचं आणि पुढची खेप निम्म्याहून कमी वेळाची ठेवायची. रडू देऊन शेवटी तो दमून गप्प होतो त्याला शिकणं म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो आधीपेक्षा लवकर रडतो.

पहिल्या अर्ध्या तासापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. तो टप्पा पार झाला की मात्र गाडी भरभर पुढे जाते. पाऊण तास शांत राहणारा कुत्रा दीड तासावर त्यामानाने लवकर पोचतो.

निघताना आणि आल्यावर अजिबात बोलू नका हा सल्ला मला कधी पटला नाही. "येते गं चिकू" एवढं एकच वाक्य, नेहमीच्या सुरात. आल्यावर चार पाय जमिनीवर आले की मनसोक्त भेटा. गळ्यात पडून निरोप घेणं तेवढं टाळा.

सुट्टीतच पुढची काळजी घ्या

परत परत येणारा त्रास इथे थांबतो. कुत्रा तीन तास राहू लागला की सराव बंद पडतो, आणि सुट्टी लागते. सुट्टीतही रोज थोडा वेळ त्याला एकटं ठेवायचंच. संध्याकाळी सगळे सूरसागरला पाय मोकळे करायला निघाले, त्याला घरी ठेवा, अर्ध्या तासात या. गणपतीत पाहुण्यांनी घर भरलं असेल तर दुपारी त्याला एका खोलीत चावायला देऊन दार लोटून घ्या. त्यालाही त्या गर्दीतून सुटका हवी असते. शाळा सुरू व्हायच्या चार-पाच दिवस आधीपासून शाळेच्या दिवसांचं वेळापत्रक लावा: तोच उठायचा वेळ, तोच फेरफटका, साडेआठला तेच डबे. आणि आधी तीन तास राहत होता म्हणून पहिल्या दिवशी तीन तासच, असं करू नका. अर्ध्या तासापासून धरा. बहुधा दोन-चार दिवसांत तो जुन्या जागी येतो. एका वहीत तारीख, वेळ आणि तो कसा होता हे लिहीत गेलात तर कुठून सुरुवात करायची ते शोधावं लागत नाही.

नवरात्र हा वेगळा प्रकार. बडोद्याचा गरबा, त्यामुळे नऊ रात्री घर मध्यरात्रीपर्यंत रिकामं. दिवसा चार तास निवांत झोपणारा कुत्रा रात्री दहाला एकटा राहिलेलाच नसतो, आणि त्याच्यासाठी ती पूर्णपणे नवी गोष्ट असते. नवरात्राच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रात्री जेवणानंतर खाली शतपावली करायला जा आणि त्याला वर ठेवा. तेवढ्याने फार फरक पडतो.

ऊन, पाणी, पतंग

दमलेला कुत्रा लवकर झोपतो, म्हणून निघण्याआधी चांगलं फिरवून आणा, पण इथल्या उन्हाचं भान ठेवून. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि रिट्रीव्हरच्या अंगावर केसांचा दुहेरी थर. सकाळी सातच्या आत फिरणं उरकायचं. हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसणार. एकटं ठेवायची जागा घरातली गार खोली असावी, गॅलरी नव्हे. नुसत्या पंख्याचा त्याला आपल्याइतका उपयोग होत नाही, कारण त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो, आणि घाबरलेला कुत्रा आधीच धापा टाकत असतो.

पाणी दिसलं की रिट्रीव्हर उडी घेतो, म्हणून विश्वामित्रीच्या काठाला पट्टा कधीही सोडू नका. नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या हे इथल्या कुणालाच विसरता येणार नाही.

पायांपेक्षा नाकाला दिलेलं काम त्याला जास्त शांत करतं. जुन्या टॉवेलच्या घडीत चण्याएवढे पनीरचे तुकडे लपवा आणि त्याला हुंगून शोधू द्या. पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात भरून फ्रीजरमध्ये ठेवा, निघताना द्या. कांदा, द्राक्षं, शिऱ्यातले बेदाणे आणि चॉकलेट त्याला विषासारखं आहे, फराळाच्या दिवसांत डबे उंचावर ठेवा. १४ आणि १५ जानेवारीला त्याला अगाशीवर नेऊ नका. मांज्याने पाय कापतात, आणि खाण्याच्या नादात दोरा गिळला तर आतडं कापतं. त्या दोन दिवसांत त्याच्याजवळ खाली कुणीतरी थांबावं, पाळी लावून घ्या.

जे करू नये

घरी आल्यावर फाटकी उशी दाखवून ओरडणं. तो कान पाडतो, नजर चुकवतो आणि आपल्याला वाटतं चूक कळली. २००९ मधल्या एका प्रयोगात दिसलं की हा "अपराधी" चेहरा मालक रागावल्यामुळे येतो. कुत्र्याने खरंच काही केलं होतं की नव्हतं याच्याशी त्याचा संबंध नसतो. विजेचा झटका देणारे पट्टे तर विकत घेऊच नका, ते भीतीत आणखी भीती घालतात. दाराला बांधून ठेवणं, पिंजऱ्यात कोंडणं हेही तसंच. भेदरलेला कुत्रा सळया चावून दात मोडून घेतो. सोबतीला दुसरा कुत्रा आणायचा सल्लाही हमखास मिळतो. दुसरा आवडतो म्हणून आणा, जरूर आणा. पण पहिल्याला माणूस हवा असतो, आणि घरात मग दोघं रडणारे होतात.

औषधाची वेळ

काही कुत्रे तुमचा हात दाराच्या कडीला लागला तरी थरथरायला लागतात, नखं रक्तबंबाळ होईपर्यंत दार खरवडतात. अशा अवस्थेत शिकायला जागाच नसते. त्यांच्यासाठी औषध आहे आणि ते देण्यात कमीपणा काही नाही. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही दोन औषधं कुत्र्यांच्या या त्रासासाठी वापरतात; अमेरिकेत त्यांना अनुक्रमे १९९८ आणि २००७ मध्ये मान्यता मिळाली. मात्रा डॉक्टरच ठरवणार, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करायची नाहीत आणि सराव सोबत चालूच ठेवायचा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या किंवा नुसती गुंगी आणणारं काही देऊ नका. अंग ढिलं पडतं, आत भीती तशीच राहते, आणि ती त्याला दाखवताही येत नाही. गुंतागुंतीची केस असेल तर आणंदचं पशुवैद्यक महाविद्यालय बडोद्याहून तासाभराच्या अंतरावर आहे. जाताना व्हिडिओ घेऊन जा. डॉक्टरांसमोर हा कुत्रा अगदी शहाण्यासारखा बसतो.

सोसायटी

तक्रार यायच्या आधी तुम्हीच जा. "आम्ही शिकवतोय त्याला, थोडे दिवस लागतील. आवाज आला तर मला लगेच फोन करा, वेळ लिहून ठेवलीत तर फार मदत होईल." एवढं सांगितलं की बहुतेक लोक साथ देतात, कारण त्या रडण्याने त्यांनाही जीव कालवल्यासारखं होत असतं. कुणी कुत्रा काढूनच टाका म्हणालं, तर पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालायचा अधिकार सोसायटीला नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट आहे. पण भांडण त्या टोकाला जाऊ देऊ नये. कुत्र्याला रोज त्याच जिन्यातून उतरायचं असतं.

घरातलं माणूस गेलं असेल तर

मुलगी शिकायला पुण्याला गेली, मुलगा परदेशी गेला, किंवा आजोबा वारले. हे सुट्टीनंतरच्या रडण्यासारखं दिसतं, पण यात कुत्रा त्या एका माणसाची वाट बघत असतो. ठरावीक वेळी दाराशी जाऊन बसतो, त्यांच्या खोलीत झोपतो. खोली लगेच आवरू नका, पांघरूण तसंच राहू द्या, त्याला तिथे झोपू द्या. मुलीचा फोन आला की स्पीकरवर आवाज ऐकून तो खूश होतो की घरभर शोधत फिरतो ते बघा. शोधत असेल तर त्याच्यासमोर स्पीकर लावू नका. आजोबा सकाळी साडेपाचला ज्या रस्त्याने न्यायचे, त्याच वेळी त्याच रस्त्याने घरातल्या दुसऱ्या कुणीतरी न्यावं, आणि हळूहळू खाणं, फिरणं, केस विंचरणं ही कामं दोघातिघांत वाटून घ्यावीत. एकटं राहायचा सराव महिनाभर पुढे ढकलला तरी चालेल. खाण्याकडे मात्र रोज लक्ष ठेवा. लॅब्रॅडॉरने सलग दोन वेळा अन्नाला तोंड लावलं नाही, तर दुःखात आहे असं समजून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.